हेक्टर नसलेल्याचा दुष्काळ

बाजारात नवा शब्द आलाय. क्लायमेट रेझिलियन्स. म्हणजे काय, तर हवामान बिघडत चाललंय, पाऊस वेड्यासारखा वागायला लागलाय, तेव्हा गावानं तग धरावा. पडलं तरी पुन्हा उठावं. शब्द वाईट नाही. पण आमच्या आज्याच्या कानावर पडला असता तर म्हातारा म्हणाला असता, "मंग आमी आजवर काय करत व्हतो?" महारवाड्यानं दुसरं केलंय काय? पडायचं, उठायचं, पुन्हा काठी घेऊन येसकरीला जायचं. आमच्याइतका तग ह्या मुलखात कुणी धरलेला नाही. आम्ही तग धरायचा आणि पाणी दुसऱ्याच्या विहिरीला लागायचं, हे किती दिवस चालायचं, एवढंच मला विचारायचंय.

मी मॅट्रिक. कविता लिहितो आणि न्हावाशेव्याच्या बाजूला गोदीत ठेकेदाराच्या टोळीत ओझी उचलतो. त्यामुळं ह्या विषयावर बोलायला मला कुठल्या परिषदेत कुणी बोलावणार नाही. तिथं एसी असतो, बाटलीतलं पाणी असतं, शाश्वत विकास असतो. मी बोलतोय ते पोत्याखालून.

पोतं साखरेचं. पन्नास किलोचं. २०२१-२२ च्या हंगामात ह्या देशानं एक कोटी टनांहून जास्त साखर बाहेर पाठवली. त्यातली थोडी माझ्या पाठीवरून गेली. पोत्यावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, आणि कधी कधी ते माझ्याच नगर जिल्ह्यातलं असतं. आता हिशेब करा. किलोभर साखरेमागं दीड-दोन हजार लिटर पाणी जातं. म्हणजे एका पोत्यात पाऊण ते एक लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सात ते दहा टँकर. आमच्या वस्तीवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो तेव्हा बाया पोरं टाकून धावतात, एकीच्या अंगावर दुसरी पडते, नळीसाठी झोंबाझोंबी होते. आणि मी इथं कंटेनरमध्ये एका दमात दहा टँकर थप्पीला लावतो. बोट सुटते. माझ्या आईच्या हंड्यातलं पाणी कुठल्या तरी परक्या देशात चहात विरघळतं. ह्याला निर्यात म्हणतात.

काम करतो तिथून समोर घारापुरी दिसते. लहानसं बेट. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशा तीन वस्त्या. १९८७ साली तिथली लेणी जागतिक वारसा झाली, दुनियेतली माणसं बोटी भरभरून आली, फोटो काढून गेली. आणि बेटावर केबलनं वीज पोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकावी लागली. एका बाजूला मुंबईचा झगमगाट, दुसऱ्या बाजूला बंदराचा, मधल्या माणसांना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं जनरेटर आणि कंदील. शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेली जमीन म्हणजे बेट. इथं येऊन कळलं की चहूबाजूंनी विकासानं वेढलेली वस्तीही बेटच असते. तसलं बेट प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर आहे. २०२० साली सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, म्हणून त्या बेटाला आता कागदावर दुसरं नाव मिळेल. हातपंप तोच. कोरडा.

माझं गाव पाथर्डी तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या आईला पाणी भरताना कोण जवळ उभं राहू देणार?

आमचा जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. पश्चिमेला अकोल्यात सह्याद्री, धो धो पाऊस, १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण. पुढं राहुरीला मुळा धरण. त्यांचे पाट जिथं फिरले तिथं ऊस आला, आणि प्रवरानगरला देशातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. सहकार म्हणजे ज्याच्याकडं ऊस त्याचा सहकार. शेअरला ऊस पाहिजे, उसाला जमीन पाहिजे, जमिनीला पाट पाहिजे. आम्ही पूर्वेचे आणि दक्षिणेचे, पाथर्डी, जामखेड, कर्जतवाले, पावसाच्या सावलीत बसलेलो. आमच्याकडून सहकारात गेला तो कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाच जिल्ह्यात एक तालुका ऊस लावतो आणि दुसरा तो तोडतो. कृषी मूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांपेक्षा कमी जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी पितो. हे कुणा लाल बावट्यावाल्याचं पत्रक नाही, सरकारी कागद आहे.

२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आमचा विरोध नाही. अहिल्याबाई आमच्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक. त्या बाईनं विहिरी बांधल्या, बारवा बांधल्या, वाटसरूची तहान बघितली. तिचं नाव घ्यायचं तर तिच्यासारखं पाणी तरी पाजा.

आता कुणी म्हणेल, आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे, हिवरे बाजार आहे, अख्खं जग बघायला येतं. येतं, खरंय. मी पण गेलोय. हिवरे बाजारला पाऊस आमच्याएवढाच, डोंगर आमच्यासारखेच बोडके होते. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, पुढं १९९४ ला गाव आदर्श गाव योजनेत आलं. माथा ते पायथा चर खोदले, झाडं लावली, पाणी अडवलं. पण माझ्या मते त्या गावाचं खरं काम झाडांत नाही, त्यांच्या नियमांत आहे. शेतीला बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. दर वर्षी पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, तर कुठलं पीक घ्यायचं, ह्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा. उसाला नाही म्हणायला ह्या जिल्ह्यात छाती लागते. ती त्या गावानं दाखवली, हे मी मानतो.

पण जिल्ह्यात दीड हजाराच्या वर गावं आहेत आणि नावं घ्यायची वेळ आली की दोनच तोंडात येतात. बाकीच्यांनी ह्या गावांकडून काय उचललं? ऊसबंदी उचलली नाही. बोअरबंदी उचलली नाही. उचलली ती चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. म्हणजे जेवढं भूमिहीनाच्या अंगावर पडतं तेवढंच बरोबर उचललं.

माझ्या गावाचं सांगतो. पाणलोटाचं काम आलं. चर खोदायचे ते गायरानावर, कारण पाटलाच्या रानात चर खोदला तर त्याचं पीक जातं. गायरानावर चराईबंदी. त्याच गायरानाच्या एका तुकड्यावर माझा आज्जा मटकी-हुलगा पेरायचा, आणि आईच्या चार शेळ्या तिथंच चरायच्या. बंदीचा ठराव झाला, पाटी लागली, शेळी दिसली की दंड. आई म्हणाली, "शेळीला काय पाटी वाचाया येती व्हय?" दोन शेळ्या दंडात आणि दोन पोटात गेल्या. वर श्रमदान. आठवड्यातून एक दिवस घरटी एक माणूस, कुदळ आपली, भाकर आपली. आता बघा, ज्याची विहीर खाली आहे तो एक दिवस खोदतो तेव्हा स्वतःच्या विहिरीत पाणी घालतो. ती त्याची गुंतवणूक. माझी आई एक दिवस खोदते तेव्हा तिची दिवसाची मजुरी बुडते आणि पाणी त्याच्याच विहिरीला लागतं. ह्याला आपल्या बापजाद्यांच्या भाषेत वेठ म्हणत. फक्त तेव्हा वर्दी तराळ द्यायचा, आता लाऊडस्पीकर देतो.

१९७२ च्या दुष्काळात माझ्या आजीनं रोजगार हमीवर खडी फोडली. सुकडी खाऊन दिवस काढले. ह्या जिल्ह्यातले पाझर तलाव आणि नालाबांध अशाच बायांच्या हातचे आहेत. त्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला, आणि २००५ ला दिल्लीनं त्याच्यावरूनच देशासाठी कायदा केला. दुष्काळाशी टक्कर द्यायचं पहिलं काम आमच्या बायांनी केलं, आणि तेव्हा खड्ड्याचं माप घेऊन दाम तरी हातावर पडायचा. आता खड्डा पुण्याचा झाला, दाम गेला.

पाणी उताराकडं जातं, त्याला जात कळत नाही, असं आमचे सुधारक मित्र सांगतात. मला हे पटत होतं. आमच्या वस्त्या गावाच्या खालच्या अंगाला, कारण वरच्यांना आमचं पाणी चालत नव्हतं. मग माथ्यावर अडवलेलं पाणी मुरत मुरत सगळ्यात आधी आमच्याकडं यायला पाहिजे. येतंही. पण जमिनीखालचं पाणी ज्याची जमीन त्याचं, असा इंग्रजांच्या काळापासूनचा रिवाज. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, अंमल २०१४ पासून. तो म्हणतो, शेतीसाठी साठ मीटरच्या खाली बोअर घ्यायचा नाही. म्हणजे दोनशे फूट. आमच्या गावात पाचशे फुटांचे बोअर आहेत आणि आमच्या हातपंपाचा पाईप दीडशे फुटांवर संपतो. १९२७ ला महाडला प्रश्न तळ्याला हात लावायचा होता. आता हात लावायला वर पाणी नाही. ते खाली गेलंय. खाली जायला मोटार लागते, मोटारीला कनेक्शन लागतं, कनेक्शनला सातबारा लागतो. बाटायचं सोवळं संपलं, त्याच्या जागी सातबारा आला.

सरकारच्या योजना बघा. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आली. काय नाव आहे! मागेल त्याला! आणि मागायच्या आधी किमान साठ आर जमीन पाहिजे, म्हणजे दीड एकर. ज्यांना मिळालं त्यातल्या कित्येकांनी प्लॅस्टिक अंथरून बोअरचं पाणी उपसून तळं भरलं, डाळिंब जगवलं. जमिनीच्या पोटातलं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात उन्हात ठेवलं, आणि कागदावर त्याला जलसंधारण म्हटलं. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, पुढच्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या. बैलाला चारा, म्हशीला पाणी. बरोबर आहे, मुकं जनावर. पण ज्याच्याकडं जनावर नाही तो माणूस कुठल्या छावणीत जाणार? आमच्या गावची माणसं छावणीत गेली ती शेण उचलायला.

आणि २०२५ च्या सप्टेंबरात उलटंच झालं. ज्या पाथर्डी-शेवगाव-कर्जत-जामखेडात टँकर फिरतो तिथं आभाळ फाटलं. सीनेला पूर. घरात पाणी. ऑक्टोबरात सरकारनं राज्यासाठी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी, हंगामी बागायतीला हेक्टरी, बागायतीला हेक्टरी. पडलेल्या घराला आणि वाहून गेलेल्या भांड्यांनाही काही होतं, खोटं कशाला बोलू. पण कपाशी गेली म्हणजे वेचणी गेली. सोयाबीन गेलं म्हणजे सोंगणी गेली. दिवाळीपर्यंतची मजुरी चिखलात गेली. ती कुणाच्या हेक्टरात धरायची? तलाठी पंचनाम्याला आला तो बांधापर्यंत आला. बुडालेल्या मजुरीला त्याच्या फॉर्मवर रकाना नव्हता. कोरडा दुष्काळ पडो नाहीतर ओला, हेक्टर नसलेल्याला दोन्हीकडून मार.

२००५ च्या कायद्यात एक भारी शब्द आहे, समन्यायी पाणीवाटप. त्यामुळं तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून खाली जायकवाडीला पाणी सोडावं लागतं, आणि तशी वेळ आली की आमच्याकडचे बागायतदार पुढारी कोर्टात धावतात, रस्ता अडवतात. धरणाधरणांत समन्याय हवा, मराठवाड्याला त्याचं पाणी मिळालंच पाहिजे. पण हा समन्याय धरणापासून धरणापर्यंत शंभर मैल चालतो आणि गावच्या विहिरीपासून आमच्या वस्तीपर्यंत दोन फर्लांग चालता चालता त्याचे पाय मोडतात, ते का?

शहरातले आपलेच काही दोस्त म्हणतात, हे पर्यावरणाचं लफडं उच्चवर्णीयांचं आहे, वाघ-झाडं-पक्षीवाल्यांचं. आपला प्रश्न जातीचा. मी म्हणतो, दोस्ता, तुझ्या कवितेत महाडचं तळं शंभर वेळा आलं, पाचशे फुटांचा बोअर एकदाही नाही आला. पुतळ्याला, पाटीला, नावाला आपण रस्त्यावर येतो. गायरानासाठी कधी आलो? आपल्या चळवळीत दादासाहेब गायकवाड होऊन गेले. १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्या रेट्याची धग पुढं कितीतरी वर्षं टिकली. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची. तारीख बघा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. किती गावांत अंमल झाला? माझ्या आज्याचा तुकडा त्यात बसत होता. त्याचा कागद झाला नाही, आणि आज त्याच तुकड्यावर पर्यावरणाची पाटी आहे.

ह्याच्यावर उपाय कुणाला सुचलाच नव्हता असं नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्याच दुष्काळातून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसाच्या मापानं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. पुढं सांगली जिल्ह्यात येरळेवर लोकांनी स्वतः बळीराजा धरण बांधलं, तिथंही भूमिहीनासकट प्रत्येक घराला सारखं पाणी असं ठरवलं. ह्यातलं मर्म ओळखा. माझ्या नावावर जमीन नाही पण पाणी आहे म्हटल्यावर, ज्याच्याकडं कोरडी जमीन आहे तो माझ्या दारात येईल, वाट्यानं करू म्हणेल. आजवर आम्हीच दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहायचो. आदर्श गावांच्या यादीत ही कलमं कधी नसतात, ती का नसतात हे मी वेगळं सांगायला नको.

आता जरा लांबचं सांगतो. पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा इवल्या बेटांचा देश आहे. समुद्र चढतोय, वादळं येतायत. त्यांनी ना कोळसा जाळला ना कारखाने काढले, बुडायची पाळी मात्र त्यांच्यावर. २०१९ साली तिथं कायदा शिकणारी २७ पोरं-पोरी, तुमच्या-माझ्या वयाची, म्हणाली की ह्याचा न्याय जगाच्या कोर्टात मागायचा. लोक हसले असतील. पोरांनी आधी आपलं सरकार हलवलं, सरकारनं बाकीचे देश हलवले, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ठराव झाला, आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की हवामान सांभाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाई द्यावी लागू शकते. त्याआधी २०२२ ला इजिप्तच्या परिषदेत नुकसानभरपाईचा निधी कबूल करून घेतला गेला, त्यामागंही अशाच लहान बेटांचा तीस वर्षांचा रेटा होता. ते दया मागत नव्हते. तुम्ही जाळलं, आम्ही बुडतोय, हिशेब द्या, एवढं सरळ.

वेशीबाहेरच्या बेटानं हेच का मागू नये? आम्ही बोअर मारला नाही. आम्ही ऊस लावला नाही. मग आमचा हातपंप कोरडा कुणी केला? ज्यानं उपसलं त्यानं भरावं. टनामागं कपात कशी करायची ते साखर कारखान्यांना शिकवावं लागत नाही, निधी निघाला की कापतातच. तशीच एक कपात उसावर करा आणि त्या पैशातून कोयतेवाल्या गावांतल्या भूमिहीन वस्त्यांचं बारमाही पाणी करा. पाणलोटाला सरकारी पैसा द्यायचा तर आधी अट घाला, की वाढलेल्या पाण्यात भूमिहीन घरांचा वाटा ठरल्याशिवाय एक चर खोदायचा नाही. चराईबंदी करायची तर शेळीवाल्याला चारा द्या, गायरान कसणाऱ्याला आधी कागद द्या. श्रमदान ज्याची विहीर आहे त्यानं करावं, आमच्या कुदळीला मजुरी पाहिजे. आणि आभाळाच्या माराची भरपाई हेक्टरी देता तशी माणशीही द्या, बुडालेल्या दिवसांवर.

हे सगळं ग्रामसभेत बोलायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. घटना समितीत बाबासाहेब गावाबद्दल काय बोलले ते आपल्याला पाठ आहे. हा सोनईचा जिल्हा आहे, २०१३ चा. हा खर्ड्याचा जिल्हा आहे, २०१४ चा. इथं पोरीशी बोलला म्हणून पोरगं मारतात, तिथं पाण्याचा वाटा मागणाऱ्याला काय हार घालणार? आमच्या गावचा चराईबंदीचा ठराव 'सर्वानुमते' झाला असं लिहिलंय. त्या दिवशी वस्तीतली माणसं ऊसतोडीला गेली होती, निम्मी घरं कुलपात. गावच्या वहीत त्याला सर्वानुमत म्हणतात. म्हणून गावात राहणाऱ्या एकट्यादुकट्याला पुढं करू नका. मुंबई-पुण्यात, कल्याण-पिंपरीत जे आहेत त्यांनी जावं, घोळक्यानं जावं, आणि ऊसतोड संपून माणसं घरी आल्यावर जावं.

एप्रिल-मेमध्ये जाल तेव्हा जयंतीच्या वर्गणीबरोबर एवढं करा. तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई मागा. ती सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंदवही. आपल्या आज्याचं नाव, त्यानं कसलेला तुकडा, साल, दंडाची पावती, सगळं तिच्यात सापडतं. तोंडी मागितलं तर वही साहेबांकडं गेलीय म्हणतील. लेखी अर्ज करा, माहिती अधिकाराचं दहा रुपयांचं तिकीट लावा, दोन प्रती न्या. एक त्याला द्या, दुसरीवर पोच घ्या. तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय चावडीतून हलू नका.